छातीत इम्प्लांट बसवण्याआधी: काढण्याच्या दिवसापासून उलटा हिशेब

इम्प्लांटचा विचार करणाऱ्या बहुतेक जणी आकारापासून सुरुवात करतात: किती सीसीचे घ्यावे, गोल की थेंबाच्या आकाराचे, टाक्याची खूण कुठे येईल. माझा सल्ला असा की विचाराची सुरुवात दुसऱ्या टोकापासून करावी आणि सर्वांत आधी हा प्रश्न विचारावा की, हे काढावे लागेल तेव्हा माझे वय काय असेल, पैसे कुठून येतील आणि सोबत कोण असेल. कारण हे उपकरण जन्मभर टिकण्यासाठी बनवलेलेच नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली दिलेल्या माहितीनुसार, केवळ आकार वाढवण्यासाठी इम्प्लांट बसवलेल्या दर पाच स्त्रियांपैकी एकीला, आणि कर्करोगानंतर स्तनाच्या पुनर्रचनेसाठी ते बसवलेल्या दर दोघींपैकी एकीला, दहा वर्षांच्या आत ते काढावे लागू शकते. सव्विसाव्या वर्षी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या मुलीने साठीपर्यंतचा हिशेब मांडला, तर त्यात आणखी एकदोन शस्त्रक्रिया धरणेच शहाणपणाचे आहे.

आणखी एक गोष्ट शब्दाची. वर्तमानपत्रांत याला सर्रास ‘स्तन प्रत्यारोपण’ म्हटले जाते. प्रत्यारोपण मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे होते. येथे कोणाचाही अवयव कोणाला दिला जात नाही, तर सिलिकॉनच्या कवचाची एक पिशवी स्तनग्रंथीच्या किंवा छातीच्या स्नायूच्या मागे ठेवली जाते. शरीर तिला परकी वस्तू म्हणूनच ओळखते आणि तिच्याभोवती तंतुमय आवरण तयार करते. पुढे ज्या अडचणींची चर्चा करायची आहे, त्यांपैकी बऱ्याच या आवरणाशी निगडित आहेत.

कशासाठी, हे आधी ठरवा

बाळंतपण आणि अंगावर पाजणे यांनंतर स्तन ओघळले असतील, तर केवळ इम्प्लांटने ते वर उचलले जात नाहीत. त्यासाठी त्वचा कमी करून स्तन उचलण्याची वेगळी शस्त्रक्रिया लागते आणि तिच्या खुणा अधिक लांब असतात. दोन स्तनांतला थोडाफार फरक जवळजवळ प्रत्येकीत असतो आणि शस्त्रक्रियेनंतरही तो पूर्ण जात नाही. जन्मतः एका बाजूची वाढच झालेली नसेल, तर तो प्रश्न निराळा आणि त्याचा विचारही निराळा. आपल्या शरीरातला एखादा बारीकसा दोष दिवसभर डोक्यातून जात नसेल, आरशापुढे तासन्‌तास जात असतील किंवा नुकताच एखादा मोठा मानसिक धक्का बसला असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे. ती मनःस्थिती शस्त्रक्रियेने निवळत नाही आणि प्रामाणिक शल्यविशारद अशा वेळी स्वतःहून थांबायला सांगतात.

लग्नाच्या तारखेवरून शस्त्रक्रियेची तारीख ठरवणे हा आपल्याकडचा खास धोका आहे. सूज उतरून, इम्प्लांट खाली स्थिरावून खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात, त्यामुळे साखरपुडा आणि लग्न यांच्यामधल्या पाच आठवड्यांत हे उरकण्याची घाई करू नये. होणाऱ्या नवऱ्याच्या किंवा सासरच्या आग्रहावरून निर्णय होत असेल, तर मी तो निर्णय मानणारच नाही.

गर्भारपणात आणि अंगावर पाजत असताना ही शस्त्रक्रिया करत नाहीत. पाजणे बंद झाल्यावर सहा महिने थांबण्याची पद्धत आहे. पुढे मूल हवे असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे. स्तनाग्राच्या कडेने घेतलेल्या छेदात दुधाच्या नलिका आणि संवेदनेच्या नसा दुखावण्याची शक्यता स्तनाखालच्या घडीतून घेतलेल्या छेदापेक्षा अधिक असते. इम्प्लांट असलेल्या अनेक जणी बाळाला व्यवस्थित पाजतात, काहींना दूध कमी पडते; आपण कोणत्या गटात असू हे आधी सांगता येत नाही. स्तनाग्राची संवेदना कमी होणे, अतिसंवेदनशील होणे किंवा कायमची जाणे, तिन्ही शक्य असतात.

डॉक्टर आणि जागा

नागपूरच्या धंतोली आणि रामदासपेठेत दवाखान्याची पाटी नसलेली इमारत शोधावी लागते, त्यामुळे पर्यायांची वाण नाही. अडचण निवडीची आहे. ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही बिरुदावली कोणीही लावू शकते. तुम्हाला पाहायचे आहे ते हे की, एमबीबीएस आणि शल्यचिकित्सेतील पदव्युत्तर शिक्षणानंतर त्या व्यक्तीने प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची समकक्ष पदवी घेतली आहे का. नोंदणी क्रमांक विचारून तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदीत पडताळता येतो. विचारायला संकोच वाटत असेल, तर दुचाकी घेताना आपण किती प्रश्न विचारतो ते आठवावे.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते आणि साधारण एक ते दोन तास चालते. म्हणून पात्र भूलतज्ज्ञ स्वतः हजर असणे, शस्त्रक्रियागृह रीतसर असणे आणि रात्री दोन वाजता रक्तस्राव झाला तर पुन्हा आत नेण्याची सोय त्याच इमारतीत असणे आवश्यक आहे. सौंदर्य केंद्राच्या मागच्या खोलीत हे होऊ शकत नाही. रुग्णालयाची महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखालील नोंदणी असायला हवी. नागपूर शहरात ती महानगरपालिकेकडे होते आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असते.

किमान दोन ठिकाणी सल्ला घ्यावा आणि दोन्हीकडे सारखेच प्रश्न विचारावेत: वर्षाकाठी अशा किती शस्त्रक्रिया करता, त्यांतल्या किती जणींना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, कोणत्या कंपनीचे कोणते मॉडेल वापरता आणि तेच का, दुसरी शस्त्रक्रिया लागली तर शुल्काचे काय, आणि तुम्ही परगावी असताना मला ताप आला तर मी कोणाला फोन करू. ‘काहीच होत नाही हो ताई, तासाभराचे काम आहे’ असे उत्तर मिळाले तर नमस्कार करून बाहेर पडावे. त्याच दिवशी आगाऊ रक्कम भरली तर सवलत, ही भाषा साडीच्या दुकानात शोभते.

पिशवीवर काय लिहिले आहे

आत मिठाचे पाणी असलेले आणि सिलिकॉनचे जेल असलेले असे दोन मुख्य प्रकार आहेत. मिठाच्या पाण्याची पिशवी फुटली की पाणी शरीरात शोषले जाते आणि स्तन एकदोन दिवसांत बसतो, त्यामुळे ते लगेच कळते. जेलची पिशवी हाताला अधिक नैसर्गिक लागते, मात्र ती फुटली तरी महिनोन्‌महिने काही जाणवत नाही. याला मूक फाट म्हणता येईल आणि ती शोधायला तपासणीच करावी लागते.

या उपकरणाचा इतिहास कोणालाही सावध करील असा आहे. सिलिकॉनचे पहिले स्तन-इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात बसवले गेले. सुरक्षिततेची पुरेशी माहिती नाही म्हणून अमेरिकेने १९९२ मध्ये जेलचे इम्प्लांट केवळ सौंदर्यासाठी वापरण्यावर निर्बंध घातले आणि ते २००६ मध्ये उठवले. तेथे आजही केवळ आकार वाढवण्यासाठी जेलच्या इम्प्लांटला वयाची २२ वर्षे आणि मिठाच्या पाण्याच्या इम्प्लांटला १८ वर्षे ही किमान मर्यादा आहे. २०१० मध्ये फ्रान्समधील पीआयपी कंपनी वैद्यकीय दर्जाऐवजी औद्योगिक दर्जाचे स्वस्त सिलिकॉन भरत असल्याचे उघड झाले. तोवर तिचा माल अनेक देशांत जाऊन पोहोचला होता. कंपनीच्या संस्थापकाला २०१३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली, पण त्यामुळे कोणाच्या छातीतले जेल बदलले नाही.

म्हणून स्वस्तातला, बिनबिलाचा माल नको. आयात केलेल्या इम्प्लांटच्या वेष्टनावर आयात परवाना क्रमांक, अनुक्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली असते. भारतात वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ नुसार हा परवाना केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना देते. भूल देण्यापूर्वी बंद खोके तुम्हाला किंवा सोबतच्या माणसाला दाखवण्याची विनंती आधीच करून ठेवावी.

कवचाचा पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत, हा प्रश्न आकारापेक्षा महत्त्वाचा आहे. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती लसिकापेशींचा एक दुर्मीळ कर्करोग होऊ शकतो. हा स्तनाचा कर्करोग नव्हे. तो इम्प्लांटभोवतीच्या आवरणात उद्भवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये त्याला स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली आणि जुलै २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीने आपले बायोसेल प्रकारचे खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत मागवले. शस्त्रक्रियेनंतर साधारण सात ते दहा वर्षांनी एका बाजूला अचानक सूज येणे, पाणी साठणे किंवा गाठ लागणे हे त्याचे नेहमीचे लक्षण असते. वेळेत ओळखून इम्प्लांट आणि पूर्ण आवरण काढले, तर बहुतेक जणी बऱ्या होतात. ज्यांना आधीच खरखरीत इम्प्लांट बसवले आहे आणि काहीही त्रास नाही, त्यांनी घाबरून ते काढून घ्यावे अशी शिफारस नाही. मात्र सूज आल्यास ‘वजन उचलले असेल’ म्हणून दुर्लक्ष करू नये.

शस्त्रक्रियेपूर्वीचे दीडदोन महिने

रक्तगणना, साखर, रक्त गोठण्याची चाचणी आणि हृदयाचा आलेख या तपासण्या सगळीकडे होतात. विदर्भात त्यांत सिकलसेलची भर घालावी, असे मी आग्रहाने सांगेन. पूर्व विदर्भातील अनेक समाजांत हा आनुवंशिक दोष आढळतो आणि वाहक असलेल्या व्यक्तीला त्याची कल्पनाही नसते. शरीरातील पाणी कमी होणे, थंडी वाजणे, प्राणवायू कमी पडणे यांनी सिकलसेलच्या रुग्णाला तीव्र वेदनेचा झटका येऊ शकतो आणि शस्त्रक्रियेत या तिन्ही गोष्टी घडण्याचा संभव असतो. साध्या विद्राव्यता चाचणीने संशय आला, तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने खात्री होते आणि भूलतज्ज्ञ त्यानुसार तयारी करतात.

स्तनांची तपासणीही आधीच व्हायला हवी. चाळिशी ओलांडलेल्यांनी मॅमोग्राफी आणि त्याहून लहान असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने सोनोग्राफी करून घ्यावी. आई, मावशी, बहीण यांपैकी कोणाला स्तनाचा किंवा बीजाशयाचा कर्करोग झाला असेल, तर ते लपवू नये. त्या घराण्यात इम्प्लांटआधी कर्करोगतज्ज्ञांचा सल्ला घेणे योग्य ठरते.

आता खर्र्याविषयी, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाविषयी. पुरुषांचा मानला जाणारा हा नाद नागपुरात बायकांतही आहे आणि तंबाखूचे मंजन तर व्यसन म्हणून मोजलेच जात नाही. निकोटिन सिगारेटीतून येवो, खर्र्यातून येवो की मंजनातून, ते बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते. परिणामी जखम उकलणे, त्वचा काळी पडून मरणे आणि जंतुसंसर्ग यांचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे तंबाखू पूर्ण बंद हवा. निकोटिनच्या गोळ्या चघळत असाल तर तेही डॉक्टरांना सांगावे. खोटे सांगितले तर डॉक्टरांचे काही बिघडत नाही, टाके तुमचे उकलतात.

ॲस्पिरिन, काही वेदनाशामके, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, जीवनसत्त्व ई आणि काही वनौषधी यांनी रक्तस्राव वाढू शकतो. काढ्यापासून गर्भनिरोधक गोळ्यांपर्यंत जे काही घेत असाल, त्याची यादी लिहून न्यावी. हृदयासाठी सुरू असलेली गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

ऋतूचा विचार परगावचे लेख करत नाहीत, आपल्याला करावाच लागतो. शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे घट्ट आधार देणारी ब्रा जवळजवळ चोवीस तास घालायची असते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना घामाने भिजलेली पट्टी, स्तनाखालच्या घडीतली बुरशी आणि त्याच घडीत असलेला ताजा छेद, हे एकत्र येऊ द्यायचे नसेल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ निवडावा. उन्हाळ्यात करायचीच असेल, तर कुलरची टाकी भरायला दुसरे माणूस आधी ठरवा. पाण्याने भरलेली बादली खांद्यापर्यंत उचलणे हे या काळात नेमके करायचे नसलेले काम आहे.

संमतीपत्र वाचायचे असते

सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले की, एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसऱ्या प्रक्रियेला लागू होत नाही आणि रुग्णाला धोके व पर्याय यांची पुरेशी माहिती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. जिवावर बेतले तरच याला अपवाद. म्हणून संमतीपत्र एक दिवस आधी मागून घ्यावे, मराठीत समजावून घ्यावे आणि त्यावर इम्प्लांटची कंपनी, प्रकार, आकारमान, छेदाची जागा व पिशवी स्नायूच्या पुढे बसणार की मागे, हे लिहिलेले आहे का ते पाहावे. अमेरिकेने २०२१ पासून प्रत्येक इच्छुक स्त्रीला धोक्यांची यादी वाचून सही करायला लावणे सक्तीचे केले आहे.

पैसा

दर शहरानुसार आणि उत्पादनानुसार बदलतो, म्हणून आकडा देत नाही. पण कोटेशनमध्ये इम्प्लांट, शल्यविशारद, भूल, शस्त्रक्रियागृह, खोली, औषधे आणि विशेष ब्रा वेगवेगळे दाखवायला सांगावे. केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्यसेवेची जीएसटी माफी मिळत नाही. आरोग्य विमाही तिला लागू होत नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना मात्र विमा नियमांत वेगळी धरलेली आहे. पुढच्या तपासण्या आणि इम्प्लांट काढण्याची किंवा बदलण्याची शस्त्रक्रिया यांचा खर्च आजच बाजूला टाकता येत नसेल, तर आज थांबावे.

पहिले सहा आठवडे

चंद्रपूर, गोंदिया किंवा गडचिरोलीहून येणाऱ्यांनी पहिला आठवडा नागपुरातच मुक्काम करावा. पहिल्या दोन दिवसांत एक बाजू अचानक फुगून ताणली गेली आणि दुखणे वाढले, तर आत रक्त साठले असण्याची शक्यता असते आणि तेव्हा दीडशे किलोमीटरवरून परत येणे परवडत नाही. ताप, लाली, पू, जखमेतून वास किंवा इम्प्लांट दिसू लागणे यांसाठी त्याच दिवशी दाखवावे. पोटरी सुजून दुखणे, दम लागणे किंवा छातीत कळ येणे यांसाठी क्लिनिकला फोन करत बसू नये, थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे.

पाठीवर, डोके थोडे उंच ठेवून झोपावे. दुसऱ्याच दिवसापासून घरात हळूहळू चालावे. मोपेड साधारण चार आठवडे नको. खड्ड्यातला धक्का आणि अचानक ब्रेक लावताना हातांवर येणारा ताण, दोन्ही वाईट. कणीक मळणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे, लहान मूल उचलणे ही कामे किरकोळ वाटतात, पण तीच छातीच्या स्नायूवर येतात. सासूबाईंना किंवा शेजारणीला खरे कारण सांगायचे नसेल तर ‘गाठ काढली’ असे म्हणण्याची प्रथा आहे. निदान घरातल्या एका माणसाला तरी खरे माहीत असावे.

वर्षांनंतरचे धोके

सर्वांत नेहमीची अडचण म्हणजे इम्प्लांटभोवतीचे आवरण आवळले जाणे. त्याच्या चार श्रेणी मानतात: पहिलीत स्तन मऊ असतो, दुसरीत थोडा घट्ट लागतो, तिसरीत आकार बिघडलेला दिसतो आणि चौथीत दुखू लागते. शेवटच्या दोन श्रेणींत बहुधा पुन्हा शस्त्रक्रिया लागते. मसाजवाल्या बाईकडून दाबून हे सुटत नाही. जोर लावून दाबल्याने पिशवी फुटू शकते.

जेलच्या इम्प्लांटची मूक फाट शोधण्यासाठी शस्त्रक्रियेनंतर पाचव्या-सहाव्या वर्षी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि त्यानंतर दर दोनतीन वर्षांनी पुन्हा तपासणी, अशी अमेरिकेच्या प्रशासनाची शिफारस आहे. मॅमोग्राफीला जाताना तंत्रज्ञाला आधीच सांगावे, कारण इम्प्लांट मागे सारून जादा छायाचित्रे घ्यावी लागतात. इम्प्लांटमुळे स्तनाचा काही भाग झाकला जातो आणि संकोचाने माहिती लपवली तर गाठ नजरेतून सुटू शकते.

काही जणींना थकवा, सांधेदुखी, केस गळणे, विसरभोळेपणा, झोप न लागणे असा त्रास सुरू होतो आणि सगळ्या चाचण्या ठीक येतात. या लक्षणसमूहासाठी निश्चित चाचणी नाही. इम्प्लांट काढल्यावर अनेकींना बरे वाटले आहे, सर्वांना नाही. ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून तिला घरी पाठवणे चूक आणि थायरॉइड, रक्तक्षय किंवा संधिवात न तपासता सगळा दोष इम्प्लांटवर टाकणेही चूक. आधीपासून संधिवातासारखा स्वयंप्रतिकार आजार असलेल्यांनी तर फार विचार करूनच या वाटेला जावे.

कर्करोगानंतर

स्तन काढावा लागलेल्या स्त्रीसाठी हिशेब वेगळा आहे आणि तिच्या निर्णयाला कोणी हौस म्हणू नये. किरणोपचार झाले असतील किंवा व्हायचे असतील, तर आवरण आवळण्याचा आणि जखम न भरण्याचा धोका बराच वाढतो. अशा वेळी पाठीच्या किंवा पोटाच्या स्वतःच्या ऊतींपासून स्तन घडवण्याचा पर्याय अधिक टिकाऊ ठरू शकतो. राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, मिहानमधील एम्स आणि मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) ही ठिकाणे शहरात किंवा लगतच असल्याने, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधीच शल्यविशारदांना पुनर्रचनेबद्दल विचारावे. ब्रामध्ये ठेवण्याचे सिलिकॉनचे कृत्रिम स्तनही मिळतात आणि अनेक जणी त्यावर समाधानी असतात.

काढण्याचा दिवस

घरी परतताना इम्प्लांटचे कार्ड आणि वेष्टनावरचे स्टिकर मागून घ्यावे, त्यांचे छायाचित्र फोनमध्ये ठेवावे आणि मूळ कागद विम्याच्या फाइलमध्ये लावावेत. कंपनीने माल परत मागवला तर तुमचे मॉडेल त्यात आहे का, हे त्यावरूनच कळते. उपकरणामुळे इजा झाली तर २०१५ मध्ये सुरू झालेल्या भारतीय मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या) कार्यक्रमाकडे रुग्णालाही तक्रार नोंदवता येते.

इम्प्लांट काढल्यावर स्तन पूर्वीसारखा होत नाही. ताणलेली त्वचा सैल राहते, ग्रंथी पातळ झालेली असते आणि पुष्कळदा उचलण्याची शस्त्रक्रिया जोडीने करावी लागते. अचानक सूज आल्यामुळे काढत असतील, तर आत साठलेले पाणी, वर सांगितलेला लसिकापेशींचा कर्करोग ओळखण्यासाठीच्या सीडी ३० या चाचणीसाठी पाठवायला हवे; काढलेले आवरण पॅथॉलॉजीकडे गेले का आणि अहवाल कधी मिळणार, हे डिस्चार्जचा कागद हातात घेण्याआधी विचारावे.